गाडीचे वय मोजले, पत्र्याचे काय?

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये अधिसूचना काढून वीस वर्षांपेक्षा जुन्या खासगी मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपयांवरून १०,००० रुपये केले. दुचाकींसाठी ते १,००० वरून २,००० रुपये झाले. त्याच महिन्याच्या १२ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांच्या मालकांवर केवळ वयाच्या कारणावरून सक्तीची कारवाई करू नये, असा आदेश दिला होता. १७ डिसेंबर २०२५ रोजी त्यात बदल होऊन हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते मर्यादित झाले. जुन्या वाहनांविषयी देशात गेली दहा वर्षे जी चर्चा चालू आहे, ती या दोनच शब्दांभोवती फिरते आहे: वय आणि धूर. राजधानीच्या हवेचा विचार करता ते समजण्यासारखेही आहे. परंतु डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात, जिथे हवा वर्षभर खारट आणि चार महिने ओलीचिंब असते, तिथे जुनी मोटार निकामी होते ती बहुधा इंजिनामुळे नव्हे. इंजिन ठणठणीत असते, धुराचे प्रमाणपत्र खिशात असते आणि गाडीचा सांगाडा आतून सडत असतो. या सडण्याची नोंद घेणारी भरवशाची व्यवस्था आपल्याकडे नाही.

हा विषय आताच महत्त्वाचा का, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. या शतकाच्या आरंभी देशात वर्षाला जेमतेम सात लाखांच्या आसपास प्रवासी वाहने विकली जात. २०१०-११ या आर्थिक वर्षात हा आकडा सुमारे २५ लाखांवर गेला. मध्यमवर्गाने कर्ज काढून मोटारी घेतल्या तो हाच काळ, आणि त्या मोटारींची पंधरा वर्षे आता भरत आहेत. म्हणजे परिवहन कार्यालयांच्या दारात यापूर्वी कधी आली नव्हती एवढी जुनी वाहने पुढील काही वर्षे येत राहणार आहेत. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनी बदलून देण्याची घाई होते आणि बदलून दिलेली गाडी भंगारात न जाता बहुतेक वेळा दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जाते. मुंबईत बारा वर्षे समुद्रकाठच्या सोसायटीत उघड्यावर उभी राहिलेली गाडी पुसून, चमकवून साताऱ्याच्या किंवा परभणीच्या खरेदीदाराला मिळते. त्याला तिचे किलोमीटर सांगितले जातात, टायर दाखवले जातात, इंजिन चालू करून ऐकवले जाते. गाडी खालून कशी आहे, हे क्वचितच कोणी दाखवतो.

गंज ही लोखंडाची साधी, अटळ प्रवृत्ती आहे. पोलादाला पाणी आणि प्राणवायू मिळाला की त्याची पुन्हा खनिजाकडे वाटचाल सुरू होते. मीठ ही क्रिया सुरू करत नाही, पण तिचा वेग फार वाढवते, कारण खारट ओलावा विजेचा चांगला वाहक असतो आणि गंजण्याची क्रिया मुळात विद्युत-रासायनिक असते. शिवाय मीठ हवेतली आर्द्रता ओढून घेते. त्यामुळे वरून कोरडी दिसणारी चिखलाची पापुद्री आतून ओलसर राहते. सर्वांत फसवी बाब म्हणजे फटीतला गंज. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून टाके मारलेल्या जागी पाणी शिरते, पण तिथे हवा नीट पोचत नाही. बाहेरच्या भागाला प्राणवायू अधिक आणि आतल्याला कमी, या फरकामुळेच आतला भाग आधी खाल्ला जातो. म्हणून जो पत्रा डोळ्यांना दिसतो तो शेवटी सडतो आणि जो दिसत नाही तो आधी. रंगाखाली फोड दिसतो तेव्हा पुष्कळदा गंज आतून बाहेर आलेला असतो. लोखंडापेक्षा गंज कित्येक पट जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला उचलतो. नखाएवढा फोड पाहून मालक रंगाची बाटली शोधू लागतो, तेव्हा मागच्या बाजूला तळहाताएवढा भाग निकामी झालेला असू शकतो.

कारखान्यांनी यावर पुष्कळ काम केले आहे, हे मान्य केले पाहिजे. मोटारीचा संपूर्ण सांगाडा आता प्राइमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर थर बसवला जातो. अनेक भागांसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरतात. जस्त आधी स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. जर्मनीत पोर्शे कंपनीने सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून आणि ऑडी कंपनीने १९८६ पासून संपूर्ण जस्तलेपित सांगाडे आणले आणि तिथल्या मोटारींचे आयुष्य त्यामुळे बदलले. युरोपात पुष्कळ कंपन्या पत्र्याला आरपार छिद्र पडणार नाही, अशी बारा वर्षांची हमी देतात. आपल्याकडे एवढी दीर्घ हमी सर्रास दिली जात नाही. स्वस्त गाडीत कोणत्या पत्र्याला जस्त आहे आणि कोणत्याला नाही, हे ग्राहकाला विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. सनरूफ मात्र विचारतो.

दुसरीकडे पत्रा पातळ होत गेला आहे. वजन कमी, इंधनाची बचत अधिक, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे आणि अधिक ताकदीचे पोलाद वापरल्याने नव्या गाडीच्या मजबुतीत उणेपणही येत नाही. परंतु बाहेरचा पत्रा सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचा असेल, तर त्यातून गंजाने खाल्लेला प्रत्येक दशांश मिलिमीटर मोठा असतो. शिवाय आजच्या मोटारींना ट्रकसारखी स्वतंत्र चॅसी नसते. तळ, दरवाजांखालून जाणाऱ्या पोकळ पेट्या, खांब आणि छप्पर मिळून एकच सांगाडा होतो आणि अपघाताचा धक्का तोच झेलतो. २२ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर झालेल्या भारत एनसीएपी चाचणीतून मोटारींना तारे मिळू लागले, ही चांगली गोष्ट झाली. पण ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिली जाते ती कारखान्यातून आलेली कोरी गाडी. तेरा पावसाळे काढल्यानंतर, दरवाजांखालची पेटी आतून चाळणीसारखी झाल्यावर, त्या ताऱ्यांपैकी किती उरतात हे कोणी मोजत नाही. सीटबेल्टचा खालचा बोल्ट ज्या पत्र्यात बसवलेला असतो तोच पत्रा सडला असेल, तर पट्टा कितीही मजबूत असून उपयोग नाही.

या धोक्याचा धडा बाहेरच्या देशांनी महागड्या मार्गाने घेतला आहे. ब्रिटनमध्ये १९८० साली लान्चिया कंपनीच्या बीटा मोटारींमध्ये इंजिन पेलणाऱ्या सबफ्रेमच्या जोडाजवळ इतका गंज आढळला, की वृत्तपत्रांनी रान उठवल्यावर कंपनीला ग्राहकांकडून मोटारी परत घ्याव्या लागल्या. त्या देशाच्या बाजारपेठेत या नावाची जी बेअब्रू झाली ती पुढे पुसली गेली नाही. अमेरिकेत टोयोटाच्या टाकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया या गाड्यांच्या चॅसी गंजल्याच्या दाव्यांत २०१६ साली तडजोड झाली आणि तिचे मोल सुमारे ३४० कोटी डॉलरपर्यंत जाईल असे तेव्हा सांगण्यात आले. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण तपासणी करून चॅसी बदलून देण्याचे मान्य केले. २०२३ च्या आरंभी होंडाने २००७ ते २०११ या काळातल्या सुमारे ५,६०,००० सीआर-व्ही मोटारी अमेरिकेत परत बोलावल्या. मागची फ्रेम गंजून चाकाचा आधार सुटू शकतो, हे त्याचे कारण होते. तिथे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात आणि ही मोहीम अशाच राज्यांपुरती होती. जपानी कारखान्यांतल्या, चांगल्या दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या गाड्यांची ही स्थिती मिठामुळे होते. आपल्या किनाऱ्यावर मीठ टाकावे लागत नाही, वारा ते फुकट आणून देतो.

ब्रिटनचे उदाहरण आणखी एका कारणासाठी पाहण्यासारखे आहे. तिथे १९६० पासून जुन्या मोटारींची सक्तीची वार्षिक तपासणी होते. आरंभी ती दहा वर्षांवरील गाड्यांना होती, आता तीन वर्षे झालेल्या प्रत्येक मोटारीला आहे. या तपासणीत गंजाचा स्वतंत्र विचार केलेला आहे. स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक, सीटबेल्ट यांचे भाग सांगाड्याला जिथे जोडलेले असतात, त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा बेजार झालेला आढळला तर गाडी नापास होते. तपासनीस गाडी उचलतो, संशयित जागा अंगठ्याने दाबतो आणि लहानशा हातोडीवजा अवजाराने ठोकून पाहतो. दुरुस्ती करायची तर सडका भाग काढून नवा पत्रा सलग वेल्डिंगने जोडावा लागतो. पुट्टी भरून वर रंग मारलेला चालत नाही. यात महागडे यंत्र कोणतेच नाही. खड्डा किंवा लिफ्ट, विजेरी, हातोडी आणि काय नापास करायचे याचा लिखित निकष, एवढ्यावर सहा दशके हे काम चालू आहे.

आता आपल्याकडे काय होते ते पाहू. खासगी मोटारीची पंधरा वर्षे भरली की मालकाने नमुना २५ मध्ये अर्ज करायचा, गाडी तपासणीला न्यायची, शुल्क आणि पर्यावरण कर भरायचा. कागदावर ही तपासणी गाडी रस्त्यायोग्य आहे की नाही, हे ठरवण्यासाठीच असते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी चेसिस क्रमांकाचा पेन्सिलीने ठसा घेणे, दिवे आणि हॉर्न पाहणे यापलीकडे ती जात नाही, हे एकदा नूतनीकरण करून घेतलेल्या कोणत्याही मालकाला ठाऊक आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम अधिसूचित झाले. या केंद्रांत ब्रेक, सस्पेन्शन, चाकांची रेषा, हेडलाइट, धूर यांची मोजणी यंत्राने होते आणि मानवी हस्तक्षेप घटल्याने चिरीमिरीला आळा बसेल, हा त्यामागचा विचार स्तुत्य आहे. परंतु यंत्र ब्रेकची ताकद मोजते. ज्या पोलादी नळीतून ब्रेकचे तेल जाते ती बाहेरून किती खाल्ली गेली आहे, हे यंत्राला कळत नाही. पत्र्याची उरलेली जाडी कोणताही रोलर सांगत नाही. ते काम डोळ्याचे आणि हाताचे आहे आणि यंत्रांच्या झगमगाटात नेमके तेच दुय्यम ठरण्याचा संभव आहे.

शुल्काची रचना पाहिली की हा गोंधळ अधिक स्पष्ट होतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत, गॅरेजमध्ये ठेवलेली, वीस वर्षांत साठ हजार किलोमीटर चाललेली गाडी आणि मालवणात नारळीच्या झाडाखाली उभी राहिलेली गाडी, दोघींना एकच दर. वास्तविक आपल्या देशाजवळ या फरकाचे शास्त्रीय ज्ञान आहे. तमिळनाडूतील कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्थेने उघड्यावर धातूंचे नमुने ठेवून, कोणत्या भागात लोखंड किती वेगाने गंजते याचा भारताचा नकाशाच तयार केला आहे. पूल, विजेचे मनोरे आणि जहाजे यांच्यासाठी असे ज्ञान उपयोगी पडते. मोटार वाहन नियम करताना ते कोणी उघडून पाहिल्याचे दिसत नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा निरोपही असाच झाला. शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती रस्त्यावरून गेली. मुदत संपायच्या आधीच सडून धोकादायक झालेल्या टॅक्सी आणि डेंटरने वेळोवेळी पत्रा बदलून निगुतीने राखलेल्या टॅक्सी, कॅलेंडरपुढे सारख्याच ठरल्या.

मग खरेदीदाराने, किंवा स्वतःची गाडी आणखी पाच वर्षे वापरायची की नाही या विचारात असलेल्या मालकाने, काय पाहावे? सुरुवात वायपरखालच्या पन्हळीपासून करावी. तिथे झाडाची पाने कुजून निचऱ्याची भोके बुजतात आणि पाणी आत, डॅशबोर्डामागच्या पत्र्यावर उतरते. पुढच्या सीटखालचा गालिचा उचलून पाहावा. विक्रेत्याने हरकत घेतली तर तेच पुरेसे उत्तर आहे. सीटच्या रुळांचे बोल्ट लालसर झालेले असतील, तर कधीतरी तिथपर्यंत पाणी आले होते. डिकीतले स्टेपनीचे चाक काढून त्याखालचा खोलगट भाग पाहावा. चारही दरवाजांच्या खालच्या कडेला बोट फिरवावे आणि निचऱ्याची भोके उघडी आहेत का ते पाहावे. चाकांवरच्या कमानींच्या आत, जिथे चिखल साचतो, तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिले तर धड पत्रा खणखणीत वाजतो आणि सडका बद्द आवाज देतो. रंगाखाली पुट्टी आहे का हे कळण्यासाठी फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक पुरतो. पुट्टीला गॅरेजच्या भाषेत ‘लांबी’ म्हणतात, आणि एखाद्या गाडीत ती इतकी ‘लांब’वर भरलेली असते की चुंबक पत्र्यापर्यंत पोचतच नाही.

त्यानंतर गाडी सर्व्हिस स्टेशनच्या लिफ्टवर चढवावी. यासाठी येणारा खर्च गाडीच्या किमतीपुढे नगण्य आहे, तरी शंभरातले नव्वद खरेदीदार तो टाळत असावेत. जॅक लावायच्या जागा चेपलेल्या किंवा आत गेलेल्या असतील तर दरवाजांखालची पेटी कमकुवत झाली आहे, असे समजावे. सस्पेन्शनचे भाग जिथे सांगाड्याला जोडले आहेत त्या जागा, ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या टाकीची मान आणि तिचे पट्टे, हे विजेरीने बारकाईने पाहावे. नुकताच मारलेला काळाकुळकुळीत थर दिसला तर आनंद न मानता संशय घ्यावा. पोकळ पेट्यांच्या आत पाहण्यासाठी मोबाइलला जोडता येणारा बारीक नळीचा कॅमेरा आता स्वस्तात मिळतो. निचऱ्याच्या भोकातून तो आत घातला की जे कारखान्यातून निघाल्यापासून कोणी पाहिले नाही ते दिसते. सीएनजीवरच्या मोटारींत आणखी एक जागा आहे. बाहेर किट बसवताना डिकीच्या तळाला भोके पाडून टाकीचे कंस आवळले जातात आणि त्या भोकांच्या उघड्या कडांना अनेकदा रंगही लावला जात नाही. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, पण ज्या पत्र्यावर ती जड टाकी बसली आहे त्याकडे लक्ष जाईलच, याची शाश्वती नाही.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत असंख्य मोटारी बुडाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळुणात तेच घडले. अशी गाडी विमा कंपनीने पूर्ण नुकसान म्हणून निकाली काढली, तरी ती लिलावात विकली जाते, दुरुस्त होते आणि दूरच्या जिल्ह्यात पुन्हा रस्त्यावर येते. सीटचे कापड आणि गालिचे बदलता येतात. पोकळ पेट्यांत शिरलेला गाळ काढणे मात्र जवळजवळ अशक्य असते आणि तो वर्षानुवर्षे ओल धरून बसतो. गाडी पुरात होती ही गोष्ट विमा कंपनीच्या दप्तरात असते, पण चार वर्षांनी ती घेणाऱ्याला ती सहज समजत नाही. एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी केंद्राचे नियम लागू झाले. त्यांचा भर गाडीचा ताबा, कागदपत्रे आणि त्या काळातली जबाबदारी यांवर आहे. चोरी आणि गैरवापर रोखण्यासाठी ते उपयुक्त आहेत, पण खरेदीदाराच्या पायाखालच्या पत्र्याविषयी ते त्याला काही सांगत नाहीत.

यात भुर्दंड कोणावर पडतो? विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत झीज आणि घसारा वगळलेला असतो, त्यामुळे गंजाने झालेले नुकसान मिळत नाही. अपघात झाला तरी दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. पहिल्या मालकाने गाडी सात-आठ वर्षांत विकलेली असते, दुसऱ्याने बाराव्या वर्षी. गंज उघड होतो तो तिसऱ्या मालकाच्या हाती, आणि हा तिसरा मालक बहुधा पहिल्यांदाच चारचाकी घेणारा, बचतीतून दीड-दोन लाख उभे करणारा असतो. म्हणूनच ‘जुन्या गाड्यांची तपासणी कडक केली तर गरिबांवर अन्याय होईल’ हा नेहमीचा आक्षेप मला पटत नाही. तपासणी ढिली असल्याचा लाभ विकणाऱ्याला होतो. घेणाऱ्याच्या वाट्याला सडका पत्रा येतो, आणि त्यातून जाणारे त्याचे कुटुंब. आक्षेपाचा दुसरा भाग, म्हणजे नवा निकष आला की नवा एजंट येतो, तो मात्र खरा आहे. त्यावर उपाय म्हणून तपासणीत पाहिलेल्या सात-आठ ठरावीक जागांची छायाचित्रे गाडीच्या ‘वाहन’ पोर्टलवरील नोंदीला जोडता येतील. खालून काढलेला फोटो एजंटला बोलून बदलता येत नाही.

राहिला प्रतिबंध. त्यात चमत्कार नाही, सातत्य आहे. गंज धरायच्या आत, गाडी नवी असतानाच पोकळ पेट्यांत मेणयुक्त तेलाचा फवारा मारून घेणे सर्वांत परिणामकारक ठरते, कारण ते तेल फटींत शिरते आणि पाण्याला जागा देत नाही. खालच्या बाजूला मारला जाणारा जाड रबरी थर दगडांपासून संरक्षण देतो, पण त्याला तडा गेला की पाणी थराच्या मागे अडकते आणि वरून काहीच दिसत नाही. आधीच गंजलेल्या पत्र्यावर तो मारणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. हे काम पावसाळ्यात तर कधीच करू नये. एप्रिल-मे महिन्यात, गाडी खालून स्वच्छ धुऊन दोन-तीन दिवस पूर्ण वाळल्यावर करावे आणि निचऱ्याचे एकही भोक बुजणार नाही हे उभे राहून पाहावे. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून, त्यावर गंज-रूपांतरक आणि जस्तयुक्त प्राइमर लावून थांबवता येतो. आरपार गेलेल्या भागाला रसायन नाही, तो कापूनच काढावा लागतो. जुन्या पद्धतीच्या गॅस वेल्डिंगची उष्णता आजच्या उच्च ताकदीच्या पोलादाला मानवत नाही, हेही लक्षात ठेवावे लागेल. पावसाळ्यात प्लॅस्टिकचे आच्छादन घातलेली गाडी उघड्या गाडीपेक्षा अधिक ओलसर राहते. आणि सुट्टीत नागाव किंवा गुहागरच्या वाळूवर गाडी पळवून लाटांत चाके भिजवणाऱ्यांविषयी काय बोलावे? पोलीस गुन्हे दाखल करतात, क्रेन बोलवावी लागते, तरी दर हंगामात नवी चित्रफीत येतेच. निदान घरी परतण्यापूर्वी गोड्या पाण्याने गाडीचा तळ धुवावा, एवढे तरी त्यांनी करावे.

सरकारच्या बाजूने पाहता, यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. तपासणीत गंजाचे निकष कोणते आणि कोणत्या जागांवर, हे परिशिष्टाच्या एका पानात लिहिता येईल. किनारपट्टीवरील जिल्ह्यांत पहिली तपासणी पंधराव्या वर्षाऐवजी दहाव्या वर्षी ठेवता येईल आणि कोरड्या जिल्ह्यांना त्यातून वगळता येईल. ज्या गाडीचा सांगाडा धड आहे तिच्याकडून वीस वर्षांनंतर दुप्पट शुल्क घेण्याचेही मग कारण उरणार नाही. मुंबई, पेण, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील परिवहन कार्यालयांकडे येत्या दोन वर्षांत २०११ आणि २०१२ च्या नोंदणीच्या गाड्या नूतनीकरणासाठी येतील. त्या गाड्या खड्ड्यावर उभ्या करून खालून पाहिल्या जातील की नेहमीप्रमाणे पेन्सिलीचा ठसा घेऊन सोडल्या जातील, याचा निर्णय परिवहन आयुक्तालयाच्या एका परिपत्रकाने होऊ शकतो.